एक दाब, एक गोळी

गोळी पडली. एकच पडली. चकचकीत कागदाचे दोन्ही कान शाबूत ठेवून ती पन्हाळीतून घसरली आणि थेट सुमैयाच्या ओंजळीत आली. लॅबमध्ये टाळ्या झाल्या. सगळ्यात मोठ्याने मीच वाजवत होतो.

जिच्यासाठी हे मशीन केलं होतं ती भाग्यश्री टाळ्या वाजवत नव्हती. टाळ्या वाजवणं तिच्या हातांना जमत नाही, त्यामुळे मी तिकडे लक्ष दिलं नाही. पण ती हसतही नव्हती. तिच्या चाकाच्या खुर्चीवर बसवलेला लाकडी दांडा तिने कोपराखालच्या हाताने पुन्हा दाबला. काही पडलं नाही. आणखी एकदा दाबला. दांडा नुसताच खालीवर झाला.

"दुसरी का पडंना?" तिने विचारलं.

"पडणारच नाही," मी खुशीत सांगितलं. "तीच तर यातली कमाल आहे."

हे वाक्य मी तिसरीतल्या मुलीला ऐकवलं. पुढे बरेच दिवस माझे विद्यार्थी ते मला ऐकवत होते.

मी सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मशीन डिझाइन शिकवतो. लहानपण भवानी पेठेत गेलं. घरात तेलुगू बोलायचे आणि बाहेर मागांचा खडखडाट चालायचा. त्यामुळे ज्या यंत्राचे दाते डोळ्यांना दिसतात आणि आवाज कानाला ऐकू येतो, तेवढ्याच यंत्रावर माझा विश्वास. कॅन्टीनचा चहा रोज सारखा का होत नाही, यावर मी एकदा कॅन्टीनवाल्याला प्रोसेस कंट्रोल समजावून सांगितला होता. तेव्हापासून तो मला बघितलं की आत जातो.

फायनल इयरला चार-चार मुलांचा ग्रुप करून एक प्रोजेक्ट करावा लागतो. प्रत्येक ग्रुपला एक गाइड असतो. मशीन मुलं बनवतात, गाइड उंटावरून शेळ्या हाकतो आणि मशीन चाललं तर फोटोत मधोमध उभा राहतो. माझ्या ग्रुपमध्ये सुमैया होती. तिच्या वडिलांचा टेम्पो आहे. दत्ता सांगोल्याकडचा, घरी डाळिंबं आणि मेंढरं. उरलेले दोघं कॅडवर ड्रॉइंग काढायचे आणि फार कमी बोलायचे, म्हणून या हकिगतीतही ते कमीच येतील.

विषय सुमैयाने आणला. भाग्यश्री तिच्या गल्लीत राहते. जन्मापासून तिचे स्नायू मेंदूचं नीट ऐकत नाहीत. उजवी मूठ उघडत नाही. डावा हात हलतो, पण मध्येच झटके देतो. चाकाच्या खुर्चीवरून शाळेत जाते. बोलते सावकाश, पण जे बोलायचं ते बोलल्याशिवाय राहत नाही. तिची आई रेणुका अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिलाईवर आहे.

शाळेतला वाढदिवस म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. नवा ड्रेस घालायचा, गोळ्यांचा डबा घ्यायचा आणि बाकाबाकावर जाऊन वाटायच्या. भाग्यश्रीच्या वाढदिवसाला रेणुकाताई अर्धी सुट्टी टाकून येत आणि त्याच वाटत. मुलं गोळी आईच्या हातातून घेत आणि थँक्यूही आईलाच म्हणत. वाढदिवस जिचा असे ती फळ्यापाशी बसून बघत राही. या वर्षी तिने जाहीर केलं होतं की गोळ्या मीच वाटणार.

"सर, तिनं सगळ्या वर्गाला सांगून ठेवलंय," सुमैया म्हणाली. "आता नाही जमलं तर ती त्या दिवशी शाळेत जाणार नाही. आणि तिच्या आईला ओळखते मी, त्यासुद्धा जेवणार नाहीत."

विषय मला फार आवडला. एचओडी मॅडमना आवडला नाही. हा बीईचा प्रोजेक्ट आहे, गॅदरिंगचा स्टॉल नाही, असं त्या म्हणाल्या. मी त्यांना रॅचेट, रिलायबिलिटी, युजर-सेंट्रिक डिझाइन असं बरंच काही ऐकवलं. त्यातलं युजर-सेंट्रिक म्हणजे वापरणाऱ्याला मध्यभागी ठेवून केलेली रचना. मी तो शब्द त्या दिवशी तीन-चार वेळा वापरला. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या.

मॅडम दमून म्हणाल्या, "बरं, मग एक बटण आणि एक मोटर लावा. दुपारपर्यंत होईल."

मी नको म्हटलं. ऐन वेळी बॅटरी उतरली तर काय, हे मी दिलेलं कारण. खरं कारण असं की मोटर आणि सेन्सर लावले की निम्मं श्रेय समोरच्या इलेक्ट्रॉनिक्स डिपार्टमेंटला जातं.

काम सुरू झालं. पहिली अडचण गोळीची. आम्हाला गुळगुळीत गोल गोळी हवी होती. भाग्यश्रीला दोन्ही टोकांना पीळ दिलेल्या कागदातलीच हवी होती, कारण तिच्या मते खरी गोळी तीच. आम्ही वर एक मोठं नरसाळं बसवलं, त्यात गोळ्या ओतल्या आणि खालून वाट बघत बसलो. कागदाचे कान एकमेकांत अडकले आणि नरसाळ्याच्या तोंडाशी सगळ्या गोळ्यांनी मिळून कमान बांधली. याला आमच्या भाषेत ब्रिजिंग म्हणतात. धान्याच्या कोठारांत हे होतं, सिमेंटच्या कारखान्यात होतं. तिथे बाहेरून हातोडा मारतात. शाळेत हातोडा मारत गोळ्या वाटणं बरं दिसलं नसतं.

मग नरसाळं काढून नागमोडी खाच केली. त्यात गोळ्या एकामागे एक आडव्या लावायच्या. खाली पाकळ्यांचं एक चाक. दांडा दाबला की चाक एक पाकळी पुढे जाणार आणि एक गोळी सुटणार. ते उलटं फिरू नये म्हणून रॅचेट, म्हणजे सायकलच्या फ्रीव्हीलसारखं एकाच दिशेने फिरणारं दातेरी चाक. हे छान चाललं. मी दाबलं की चालायचं, दत्ताने दाबलं की चालायचं.

मग एका शनिवारी भाग्यश्रीला लॅबमध्ये आणलं. तिने हात दांड्यावर ठेवला, दाबला आणि हाताला झटके आले. एका दाबाचे पाच-सहा दाब झाले. गोळ्या धडाधड जमिनीवर आल्या. आधी ती खदखदून हसली. मग जमिनीवरच्या गोळ्यांकडे बघून म्हणाली, "असं झालं तर मागच्या बाकाला पुरायच्या न्हाईत."

हे वाक्य मी मनात कोरून ठेवलं. कुणीही उपाशी राहता कामा नये. एकाच वेळी दोन नग बाहेर पडले तर त्याला डबल फीड म्हणतात. औषधाच्या पॅकिंगला तर तो गुन्हाच समजतात. मी घरी जाऊन उत्साहाने एक लॉक डिझाइन केलं. एक गोळी पडली की यंत्र आपोआप कुलूपबंद. खुर्चीच्या चाकाला टेकलेला एक छोटा रोलर, त्याला सायकलच्या ब्रेकची तार. खुर्ची हातभर पुढे सरकली की तार ओढली जाणार, लॉक उघडणार, पुढच्यासाठी गोळी तयार. झटके कितीही येवोत, एका जागी एकच गोळी. इतकं देखणं काम माझ्या हातून बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. बायकोला जेवता जेवता ताटावर वाटी फिरवून समजावून सांगितलं. तिने आमटी सांडू नका एवढंच सांगितलं.

सुमैयाने तेव्हा एकदा विचारलं होतं, "सर, कुणाला दोन द्यायच्या असल्या तर?"

मी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'रिक्वायरमेंट' असं लिहिलं आणि तिला लेक्चर दिलं. प्रत्येकाला समान, नेमकं, चुकीला जागा नाही. ती माझ्याकडे बघून मान हलवत होती. विद्यार्थ्यांनी मान हलवली की त्यांना पटलं, असं मी त्या दिवसापर्यंत समजत होतो.

तर असा तो ट्रायलचा दिवस होता. गोळी एकच पडली होती, माझ्या टाळ्या वाजवून झाल्या होत्या आणि भाग्यश्री दुसऱ्या गोळीची वाट बघत होती. मी गुडघ्यावर बसून तिला लॉक दाखवलं, रोलर दाखवला, तार दाखवली.

"नंदिनीला दोन द्यायच्यात," ती म्हणाली. "ती माझी खुर्ची ढकलती. बाईंना दोन. आईला पण."

मी म्हटलं, सगळ्यांना सारख्या मिळायला नकोत का?

"सारख्या कुटं असत्यात? वाढदिवस माझा हाय की."

यावर गप्प बसायला हवं होतं. पण मी शिक्षक. मी तोडगा सुचवला. नंदिनीला एक दिली की खुर्ची हातभर पुढे घ्यायची म्हणजे लॉक उघडेल, मग मागे येऊन दुसरी द्यायची. हे मी करूनही दाखवलं. लॅबमध्ये, पोरांच्या देखत, मी तिची खुर्ची पुढे ढकलत होतो आणि मागे ओढत होतो. भाग्यश्रीने माझ्याकडे बघितलं. तसं माझ्याकडे एचओडी मॅडमनीही कधी बघितलेलं नाही.

"मग आईलाच वाटू दे," ती म्हणाली आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

तिच्यासोबत आलेल्या रेणुकाताई घाईघाईने पुढे आल्या. "असू द्या वो सर. एकेक तर एकेक. तुमी किती केलंय तिच्यासाठी. समजावते मी घरी." त्यांनी मला दोनदा नमस्कार केला. तो नमस्कार मला फार लागला. लाज वाटली. पण मास्तर माणूस लाज वाटली की चिडतो, म्हणून मी त्या गेल्यावर पोरांवर चिडलो. मशीन ठरल्याप्रमाणे चालतंय, मी म्हटलं, ठरलं होतं ते शंभर टक्के झालंय.

"ठरवलं आपण सर," सुमैया शांतपणे म्हणाली. "तिला कुणी विचारलं?"

वाढदिवसाला एक आठवडा राहिला होता.

लॉक काढायचं तर झटक्यांचं काय, हा प्रश्न परत उभा राहिला. लॉक ठेवलं तर दुसरी गोळी पडत नव्हती, काढलं तर दहा पडत होत्या. आम्ही पहिल्यांदाच शांत बसून विचार केला की मुद्दाम दाबणं आणि झटका यांत फरक काय. सुमैयाने मोबाइलवर घेतलेले भाग्यश्रीच्या हाताचे व्हिडिओ परत परत बघितले. फरक साधा होता. झटके भराभर येतात आणि थोड्या वेळाने शांत होतात. ती मुद्दाम दाबते तेव्हा आधी थांबते. म्हणजे दांडा खाली गेल्यावर तो सावकाश वर यायला हवा. पूर्ण वर येईपर्यंत दुसरी गोळी नाही. तेवढ्यात झटके येऊन जातील. मग तिला वाटलं तर दाबेल, नाही वाटलं तर पुढे जाईल.

सावकाश वर येण्यासाठी जे लागतं त्याला डॅशपॉट म्हणतात. ऑफिसचं दार धाडकन न आपटता हळू मिटावं म्हणून वर एक नळी बसवलेली असते, तोच प्रकार. मी कॅटलॉग उघडले. सगळ्यात छोटा डॅशपॉटही कपाटाचं दार अडवेल असा होता. पुण्याच्या डीलरने दोन आठवडे सांगितले.

दत्ता बराच वेळ डोकं खाजवत होता. मग म्हणाला, "सर, मेंढरास्नी औषध पाजायची पिचकारी लावू की. तोंड बारीक केलं की हवा हळूहळूच आत जाती. दट्ट्या निवांत वर येतोय."

मी म्हटलं, अरे, एक्स्टर्नल परीक्षक येतील, त्यांना काय सांगू, यात मेंढराची पिचकारी आहे?

"न्यूमॅटिक डॅम्पर म्हणा," दत्ता म्हणाला. आमच्या कॉलेजात चार वर्षं काढली की मूल एवढं तरी शिकतंच.

दुसऱ्या दिवशी तो जनावरांच्या औषधाच्या दुकानातून कोरी पिचकारी घेऊन आला. दाबताना हवा पटकन सुटावी म्हणून सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याची झडप केली. वर येताना हवा फक्त सुईएवढ्या भोकातून आत जाणार. भोक मोठं झालं, दांडा टुणकन वर आला. भोक लहान झालं, दांडा खालीच बसून राहिला. पिचकाऱ्या वाया गेल्या. शेवटी एकदा दांडा फुस्स असा आवाज करत निवांत वर आला, जेवण झालेला माणूस पाटावरून उठतो तसा. माझं लाडकं लॉक, रोलर आणि तार दत्ताने स्पॅनर घेऊन काढली. मी तेवढ्यापुरता चहाला गेलो होतो.

भाग्यश्रीला परत बोलावलं तेव्हा ती आधी येतच नव्हती. सुमैयाने कशीबशी आणली. तिने दांडा दाबला. गोळी पडली. हात झटके देऊ लागला, दांडा खालीच थरथरला, पण दुसरी गोळी सुटली नाही. हात शांत झाला. फुस्स आवाज झाला. दांडा वर आला. ती दांड्याकडे बघत राहिली आणि मग तिने सगळा जोर लावून तो दाबला.

"दुसरी," ती म्हणाली. मला नाही, सुमैयाला.

वाढदिवसाच्या दिवशी मी, सुमैया आणि दत्ता तिच्या शाळेत गेलो. खाच मी स्वतः भरली होती. वर्गातली मुलं, बाई, आई, आम्ही तिघं, दुसऱ्या गोळीचे मानकरी आणि वर थोड्या जादा. मी मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. माझ्या स्वतःच्या व्हायव्हाला इतकी धाकधूक झाली नव्हती.

भाग्यश्री नव्या निळ्या फ्रॉकमध्ये आली. नंदिनी खुर्ची ढकलत होती. पहिला बाक. दाब, गोळी, थँक्यू. थँक्यू भाग्यश्रीला. ती प्रत्येकाला सावकाश वेलकम म्हणत होती, आणि तो शब्द पुरा होईपर्यंत खुर्ची पुढे जात नव्हती. तिसऱ्या ओळीत एका गोळीचा कान पन्हाळीत अडकला. दत्ता पुढे झाला, सुमैयाने त्याचा शर्ट धरला. भाग्यश्रीने दांडा वर येऊ दिला, पुन्हा दाबला आणि मागच्या गोळीने पुढचीला ढकललं. समोरच्या पोराला फुकटात दोन मिळाल्या. तिने त्यातली एक परत मागितली. तिची मूठ उघडत नाही, म्हणून ती नंदिनीने घेतली.

एक गोष्ट आम्ही कुणीच डिझाइन केली नव्हती. पहिली गोळी पडल्यावर दांडा वर येईपर्यंत सगळा वर्ग श्वास रोखून बसायचा. खुर्ची पुढे गेली तर विषय संपला. पण खुर्ची थांबली तर सगळ्यांना कळायचं की इथे दुसरी पडणार. नंदिनीसमोर खुर्ची थांबली. बाईंसमोर थांबली. मधल्या ओळीतला एक मुलगा हात पसरून बराच वेळ आशेने उभा होता. भाग्यश्री त्याला म्हणाली, "तू माझं खोडरबर दिलं न्हाईस," आणि पुढे गेली.

मग खुर्ची दाराकडे वळली. रेणुकाताई दारात उभ्या होत्या. आज त्यांनी पूर्ण सुट्टी टाकली होती आणि हातात काहीच नसल्यामुळे हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. भाग्यश्रीने दांडा दाबला. गोळी पडली. दांडा वर आला. दुसरी पडली. मला वाटलं झालं. खुर्ची हलली नाही. तिसरी पडली, चौथी पडली. दर वेळी झटके, फुस्स, थांबणं, दाबणं. ओंजळ भरली तेव्हा रेणुकाताईंनी पदर पुढे केला. "पुरे गं," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांना राहू दे."

"तू थांब," भाग्यश्री म्हणाली.

त्या रडत होत्या. मीही रडत होतो, आणि लपवायला भिंतीवरचा पाढ्यांचा तक्ता वाचत होतो.

शेवटी ती आमच्याकडे आली. सुमैयाला एक मिळाली. दत्ताला एक. मी पुढे होऊन हात पसरला. भाग्यश्रीने नीट दम घेऊन दांडा दाबला. चाक एक पाकळी फिरलं, रॅचेट टक् वाजलं आणि पन्हाळीतून काहीच आलं नाही. तिने मान वाकडी करून खाचेत बघितलं.

"संपल्या, सर," ती म्हणाली. वाईट वाटल्यासारखं मला तरी दिसलं नाही.

असू दे, मी म्हटलं. धडा म्हणाल तर एवढाच, की माल मोजून भरायचा असेल तर आधी वाटणारीला विचारावं, आणि गाइडने रांगेत शेवटी उभं राहू नये.

परत येताना दत्ताने गोळीचा कागद सोलत मला डिवचलं. "सर, तुमचं लॉक असतं तर आज तुमालाबी मिळाली असती."

"मिळाली असती," मी म्हटलं. "सगळ्यांना एकेक मिळाली असती. तिच्या आईलासुद्धा एकच."